सात पाण्यांनी धुतलेली वाळू

३ जानेवारी

नवी वही. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची, घरीच दोऱ्याने शिवलेली. मागच्या तारखा पानातून उमटतात, त्यामुळे आज एकाच वेळी तीन जानेवारी आणि सतरा ऑक्टोबर आहे. चालेल.

ह्या वहीत फक्त वस्तुस्थिती लिहायची. स्वतःची स्तुती नाही. स्तुती म्हणजे अहंकार आणि अहंकार देवाला खपत नाही. गेल्या वर्षीच्या वहीत तो फार झाला होता. परवा वाचायला घेतली तर मलाच माझ्याबद्दल आदर वाटू लागला.

वस्तुस्थिती एक: यांना कॉलेजात मोठे काम मिळाले. पर्यावरण अभियांत्रिकीचा दूरशिक्षण अभ्यासक्रम तयार करायचा, विकसनशील देशांसाठी. बारा पाठ, सगळे चित्रफितीवर. आधी अकरा देशांतले अकरा विद्यार्थी शिकून बघणार, मग हजारोंना खुला.

वस्तुस्थिती दोन: हे तीस वर्षे सांडपाण्याचा निचरा शिकवतात. घरातली मोरी तुंबली की मलाच हाक मारतात.

विकसनशील म्हणजे काय, विचारले. म्हणाले, ज्यांचं अजून व्हायचंय असे. म्हटले, मग आपल्या बाथरूमपासून सुरुवात करा, त्याचं अकरा वर्षं व्हायचंय. यांनी चष्मा पुसला.

पाणी: १४ बादल्या. नामजप: ठरलेला १०००, झाला ६४०. उरलेला ३६० उद्याच्या खात्यावर.

५ जानेवारी

वन्सं खाली आल्या. यांच्या थोरल्या बहिणी. वरच्या मजल्यावर राहतात. रसायनशास्त्राच्या पदवीधर आहेत, आणि ते कोणाला विसरू देत नाहीत.

यांना विचारत होत्या, अरे, चौथ्या पाठात नेमकं काय रे? हे म्हणाले, घरगुती पाणी गाळणे. वाळू, खडी, कोळसा आणि एकावर एक तीन बादल्या. मी पटकन बोलून गेले की हे तर मला येतं. वन्सं म्हणाल्या, चहाही गाळता येतो की तुला, म्हणून चहाच्या मळ्यावर मॅनेजर नेमतील का? स्वतःच हसल्या. मग म्हणाल्या, मॅट्रिकला शास्त्रात किती होते गं तुला?

सदतीस होते. पास पस्तिसाला. म्हणजे लागत होते त्यापेक्षा दोन जास्तच. पण हे बोलले नाही. अहंकार.

हे सहज म्हणाले की प्रत्येक पाठाच्या शेवटी नावांची पाटी येते. लेखन कोणाचे, चित्रण कोणाचे. अकरा देशांत दिसते.

वन्संचे नाव एकाही देशात दिसत नाही.

संकल्प: चौथ्या पाठाच्या पाटीवर माझे नाव येणार. देवासमोर मोठ्याने बोलून टाकले. आता मागे घेता येत नाही, दोघांनाही.

९ जानेवारी

कॉलेजच्या स्टुडिओत पंख्याची घरघर येते आणि नळ नाही. पाण्याचा पाठ बिनपाण्याचा कसा करणार? म्हणून आमचे स्वयंपाकघर ठरले. लेक तिच्या मोबाइलवर चित्रण करणार.

अभ्यासक्रमाच्या समितीची नियमावली आली आहे. ती एका बाईंनी लिहिली आहे. त्या बोलताना प्रत्येक गोष्टीला परिच्छेद क्रमांक देतात. घरात त्यांचे नाव परिच्छेदबाई पडले. परिच्छेद सहा: प्रात्यक्षिकात चेहरा नको, फक्त हात. कोणत्याही देशातल्या माणसाला ते आपलेच वाटावेत.

यांचे हात पाहण्यात आले. मनगटापासून बोटांपर्यंत केस. नखांत खडू. लेक म्हणाली, बाबा, हे कुठल्याच देशाचे वाटत नाहीत.

मग दोघांनी माझ्याकडे पाहिले.

नेमणूक झाली. तोंडी आहे, पण नेमणूकच.

१० जानेवारी

हातांना विश्रांती. भांडी यांनी घासली. दोन कप गेले. शास्त्रासाठी असा त्याग लागतोच.

नामजपाची बाकी ११८०. माळ ओढायलाही हातच लागतात, म्हणून देवाला कळवले की चित्रणानंतर एकदम भरते.

१३ जानेवारी, दुपार

चित्रण पहिले. यांच्या कागदावर लिहिले होते: वाळू स्वच्छ होईपर्यंत धुवावी.

हे काय लिहिणे झाले? 'होईपर्यंत' हा काही आकडा नाही. इंजिनिअरने आकडा द्यावा. मी विचारले, कितीदा? हे म्हणाले, बघून ठरवायचं. म्हटले, विद्यार्थी समुद्रापलीकडे बसलाय, तो कुणाला बघून ठरवणार?  मी सात आकडा दिला. पहिले पाणी मातीचे, दुसरे मातीच्या आठवणीचे, तिसऱ्यापासून पुढचे मनःशांतीचे. लेकीने सातही पाणी टिपली.

वाळू धुण्यास पाणी: १९ बादल्या. गाळून मिळालेले शुद्ध पाणी: अर्धी बादली.

हिशेब पुन्हा केला. तेच आले. आमच्या बादल्या मोठ्या असाव्यात.

१४ जानेवारी

पुन्हा चित्रण. काल मी धुताना देवाचे नाव घेत होते ते सगळे माइकमध्ये गेले. लेक म्हणाली, आई, माइक चालू असतो गं. म्हटले, असू दे, अकरा देशांत तेवढंच पुण्य. परिच्छेद नऊ: धार्मिक उच्चार नको.

१९ बादल्या.

१५ जानेवारी

पुन्हा. आज नाव मनात घेतले, पण आकडे तोंडाने मोजले गेले. १९ बादल्या.

१७ जानेवारी

पुन्हा. माझे काही चुकले नाही. यांना शिंक आली. १९.

दोन वेळा केलेले चांगले की चार वेळा केलेले, ह्यावर हे म्हणाले, पुरे आता. पण यांचे 'पुरे' मी लग्नापासून ऐकते आहे. त्यावर विसंबून राहिले असते तर घरात एक गोष्ट धड झाली नसती.

नामजप: बाकी ५४००. देवाने हरकत घेतलेली नाही.

२० जानेवारी

इमारतीच्या टाकीत पाणी टिकत नाही अशी ओरड. वन्संच्या नळाला काल दुपारनंतर नुसती हवा. सोसायटीचे सेक्रेटरी दारोदार फिरले. गळती आहे म्हणतात.

मी त्यांना थांबवून पाण्याच्या बचतीवर बोलले. वीस मिनिटे. भांडी धुतलेले पाणी फरशीला, फरशीचे झाडांना. पाणी जपून वापरा, सांडू नका, सांडले तर त्याचाही उपयोग करा. त्यांना घाम फुटला. म्हटले, तोही वाया घालवू नका. हसले नाहीत. लोकांना पाण्याची कदर नाही.

२३ जानेवारी

प्लंबर लावला आहे. दोन दिवस तो पाइपांना कान लावून हिंडतो आहे. जिन्यातली भिंत फोडली. आत कोरडे. मी त्याला धीर दिला आणि पिण्यासाठी आमचे गाळलेले पाणी दिले; चित्रण संपले तरी वाळू रोज धुते मी. म्हणाला, बाई, गोड आहे हो. कसं केलं? म्हटले, सात पाण्यांनी. तो पुन्हा पाइपाला कान लावून बसला.

२ फेब्रुवारी

चौथा पाठ अकरा देशांत गेला. मी आंघोळ करून बसले होते. पण काही आवाज वगैरे झाला नाही. हे म्हणाले, बटण दाबलं, गेला.

नावांची पाटी अजून नाही, ती समितीने मंजूर केल्यावर लागणार. पंचवीस मार्चला कॉलेजच्या सभागृहात सगळा अभ्यासक्रम दाखवणार आहेत, घरच्यांसकट. वन्संना आत्ताच सांगून ठेवले. त्या म्हणाल्या, येईन की. खुर्चीला पाठ आहे ना तिथे?

४ फेब्रुवारी

विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी एक नंबर दिलेला आहे. तो यांच्या जुन्या फोनवर येतो. हे वर्गावर जाताना तो फोन घरी ठेवतात. म्हणजे शंका माझ्याकडे येतात. लेकीने भाषांतर करणारे बसवून दिले आहे. त्यांनी त्यांच्या भाषेत लिहिले की मला मराठीत दिसते. मी मराठीत लिहिले की त्यांना त्यांच्यात.

म्हणजे हात माझे, शंकासमाधान माझे. मग यांचे काय उरले? कागद.

संध्याकाळी यांना सगळे सांगायचे असे ठरवले आहे. आज दमून आले होते.

८ फेब्रुवारी

पहिली शंका. एका बेटावरचे गृहस्थ आहेत, पाणीपुरवठ्यात कारकून. मला मॅडम म्हणतात. विचारतात, मॅडम, कामाला वेळ फार लागतो, काय करावे? मी लिहिले, कष्टाशिवाय काही नाही, घाम गाळा.

त्यांचे उत्तर अर्ध्या तासात आले. मॅडम, घाम कशातून गाळायचा? वाळूतून की कोळशातून?

किती बारकाईने विचार करतात. आपल्याकडचे विद्यार्थी असे विचारत नाहीत.

उरलेल्या दहा देशांतून एकही शंका नाही. म्हणजे त्यांना सगळे समजले.

यांना सांगायचे राहिले. उद्या.

१५ फेब्रुवारी

बेटावरचे लिहितात, मॅडम, आमच्याकडे गेले सात महिने पाऊस नाही. गावाला एकच टाकी आहे. वाळू सात वेळा धुणे सक्तीचे आहे का?

हा प्रश्न मी गांभीर्याने घेतला. देवासमोर बसून विचार केला. नियम म्हणजे नियम. आज सातावर सूट दिली तर उद्या सहावर मागतील. लिहिले, श्रद्धेत सूट नसते.

यांना विचारून मग पाठवावे असे एकदा मनात आले होते. पण यांनी 'बघून ठरवा' लिहायला सांगितले असते.

१९ फेब्रुवारी, सकाळी ११

बेटावरून: मॅडम, वाळू अतिशय स्वच्छ झाली आहे. टाकी संपली आहे. आता काय गाळायचे?

११.२०

चांगला प्रश्न आहे.

१२.१०

धीर देणे हे शिक्षकाचे पहिले काम. लिहिले, हातपाय गाळू नका.

२१ फेब्रुवारी

बेटावरून: मॅडम, हातपाय गाळण्याचा माझा विचार नव्हता. परंतु गावकरी कार्यालयासमोर जमले आहेत आणि माझ्या हातापायांबद्दल तेच काहीतरी सुचवीत आहेत.

मी त्यांच्यासाठी वेगळा जप केला. १०८. तो मुख्य खात्यात धरलेला नाही.

यांना आज नक्की सांगणार होते. पण जेवताना हेच म्हणाले की कुठल्याशा बेटावर तीन दिवस जहाजाने पाणी नेताहेत, समितीत त्यावरच चर्चा झाली. कारण शोधत आहेत म्हणे. मी म्हटले, गळती असेल. यांनी मान हलवली.

२६ फेब्रुवारी

आजचा दिवस वहीत जपून लिहायचा.

यांचा फोन टेबलावर होता. परिच्छेदबाईंचा निरोप. दोनच ओळी: पाठ क्रमांक चार गाळण्यात आला आहे. कळावे.

बसूनच घेतले मी. बारा पाठांतला एकच, माझाच, समितीने स्वतः गाळला. म्हणजे त्यातला गाळ काढून नितळ केला. एवढी मेहनत त्यांनी दुसऱ्या कोणत्या पाठावर घेतली? आणि शब्द बघा. तपासला नाही, सुधारला नाही. गाळला. पाण्याच्या शास्त्रात याहून मोठा मान नाही.

देवाला साखर ठेवली. शेजारी चार घरांत साखर दिली. दोन घरांनी विचारले, पाणी कधी येणार?

२७ फेब्रुवारी

हे संध्याकाळी माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, अगं, चौथा पाठ गाळलाय. म्हटले, वाचलं मी. म्हणाले, वाईट वाटून घेऊ नकोस. म्हटले, वाईट कशाला वाटेल? म्हणाले, गाळला म्हणजे काय, ते... म्हटले, मला गाळणं शिकवू नका, दोन महिने तेच करतेय.

 हे उठून बाथरूममध्ये गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. पुरुषांना बायकोचे यश पेलायला वेळ लागतो.

२८ फेब्रुवारी

वन्संना निरोप दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा लावून वाचला. मी म्हटले, बघा, गाळला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, तू जेवलीस का गं?

अठ्ठावीस वर्षांत असे विचारले नव्हते. मत्सर माणसाला किती मऊ करतो.

४ मार्च

प्लंबर शेवटी आमच्या स्वयंपाकघरात आला. बादल्या, वाळूची घमेली, ओली फरशी, सगळे बघत उभा राहिला. एका घमेल्यातली वाळू हातात घेऊन बोटांतून सोडली. म्हणाला, बाई, सापडली गळती. मी विचारले, कुठे? म्हणाला, इथेच. मी लगेच मोरीखाली वाकून बघू लागले, बॅटरी मागवली. मागे वळले तर तो गेलेला. कामचुकार.

त्यालाही पंचवीस तारखेचे आमंत्रण पाठवले. भिंत फोडायला किती कष्ट घेतले त्याने.

१० मार्च

आमंत्रणे: बावीस. लेक म्हणते, आई, इतक्यांना नको ना बोलावू. का, विचारले तर म्हणते, उगाच. लेकीला गर्दीची लाज वाटते, लहानपणापासून.

भाषण लिहायला घेतले. कोणी दोन शब्द बोला म्हणाले तर तयारी हवी. सुरुवात: मी एक साधी मॅट्रिक झालेली गृहिणी. ह्या वाक्यावर लोक माना डोलावतील. मग दोन क्षण थांबायचे.

हे म्हणतात, भाषणाचा कार्यक्रमच नाही. मी म्हटले, ऐनवेळी ठरतं सगळं.

१८ मार्च

बेटावरून बरेच दिवस काही नाही. आज आले. मॅडम, पाणी जहाजाने मिळाले. मी आता सर्व पाठ पुन्हा वाचतो आहे, हळूहळू. तुम्ही बऱ्या आहात ना?

लिहिले, माझा पाठ गाळला. त्यांचे उत्तर आले, मला फार दुःख झाले.

हे भाषांतर करणारे यंत्र कधीकधी उलटेच सांगते.

२४ मार्च

उद्या. हातांना तेल. भाषण पाठ. नामजप: बाकी ३१,४००. देवाला सांगितले, उद्या पाटीवर नाव दिसले की सगळी बाकी एका बैठकीत.

हे आज दोनदा म्हणाले, उद्या नको यायला, पाय दुखतील. आणि एकदा म्हणाले, पाऊस येईल. मार्चमध्ये.

२५ मार्च, रात्री ९

क्रमाने लिहिते.

सभागृह भरलेले. आमचीच बावीस माणसे, त्यात प्लंबर, इस्त्रीचा शर्ट घालून. वन्सं माझ्या शेजारी. परिच्छेदबाई व्यासपीठावर. मी कल्पना केली होती त्यापेक्षा वयाने लहान आहेत.

पहिला पाठ झाला. दुसरा. तिसरा. मी पदर सारखा केला. पाचवा सुरू झाला.

मी वन्संना सांगितले, चौथा शेवटी ठेवला असेल, मुख्य म्हणून. त्या म्हणाल्या, असेल हं. हे दोन खुर्च्या पलीकडे, मान खाली.

सहावा. सातवा. दहावा. मग शेवटचा, बारावा, नाव: नेहमी होणाऱ्या चुका. आणि पडद्यावर माझे हात आले.

भिंतीएवढे मोठे. वाळू धूत होते. खाली अकरा भाषांतल्या ओळी. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी, शांत: असे करू नये. एका वेळी एकोणीस बादल्या पाणी वाया जाते. एका ठिकाणी ह्या पद्धतीने संपूर्ण गावाची टाकी रिकामी झाली.

हात धूत राहिले. मध्येच माझा आवाज आला, पाच, म्हणणारा. मागे कोणीतरी हसले. प्लंबर मागे वळून त्याला म्हणाला, गप बस.

मग पाटी आली. लेखन, यांचे नाव. चित्रण, लेकीचे. आणि तिसरी ओळ, 'चुकांचे प्रात्यक्षिक' असे लिहून पुढे माझे पूर्ण नाव, सासरचे, वडिलांच्या नावासकट. परिच्छेद अकरा: ज्याचे काम त्याचा उल्लेख. टाळ्या झाल्या. शेवटच्या पाटीला होतातच.

भाषण पर्समध्ये होते.

बाहेर आल्यावर मी यांना विचारले, गाळला म्हणजे? हे म्हणाले, काढून टाकला गं. मी सांगत होतो.

हो. सांगत होते.

२६ मार्च

वन्सं आल्या. मी तयारीत होते. सदतीस, चहा गाळणे, काय म्हणतील ते.  त्या एवढेच म्हणाल्या, हात मात्र छान आलेत हो तुझे. मग स्वतः उठून चहा केला आणि मला दिला. त्यांच्या घरात मी कित्येकदा केला आहे, आमच्या घरात त्यांनी कधी नाही.

टोमणा मारला असता तर बरे झाले असते. उत्तर तयार होते.

यांच्यासमोर जुना फोन ठेवला. सगळ्या शंका, सगळी उत्तरे. यांनी वाचली. घाम गाळण्यापाशी थोडे थांबले. श्रद्धेपाशी जास्त थांबले. टाकीपाशी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, मला का नाही विचारलंस? मी म्हटले, तुम्ही दमून येत होता. हे खोटे आहे हे दोघांनाही माहीत होते.

बेटावर मी स्वतः लिहिले. आडवळणाने लिहायचे नव्हते, म्हणून म्हण नाही, काही नाही. मी इंजिनिअर नाही. शिक्षक नाही. सात हा आकडा माझ्या मनातला होता. तुमच्या गावाचे तीन दिवसांचे पाणी माझ्यामुळे गेले. मला क्षमा करा.

पाठवायला दुपार झाली.

२७ मार्च

बेटावरून: मॅडम, मला कल्पना होती. श्रद्धेवाल्या उत्तरानंतर. परंतु तोपर्यंत सहा वेळा धुऊन झाले होते, म्हटले एकासाठी कशाला थांबायचे. आता मी ह्या अभ्यासक्रमाचा तपासनीस झालो आहे, समितीने नेमले, कारण चुकीचा अनुभव इतर कोणालाच नव्हता. तुम्ही विद्यार्थी म्हणून का येत नाही?

२ एप्रिल

अर्ज भरला. शिक्षण: मॅट्रिक. पुढचा रकाना, विषयाची पूर्वमाहिती. त्यात आधी बरेच लिहिले. मग पुरवणी जोडली. मग दोन्ही काढून 'नाही' लिहिले. लेकीने अर्ज पाठवला आणि मला मिठी मारली, इतक्याशा शब्दासाठी.

अभ्यास सकाळी स्वयंपाकाच्या आधी एक तास. संकल्प म्हणून नाही. असेच.

सेक्रेटरींकडे जाऊन गळतीचे सांगितले. ते म्हणाले, अहो, आम्हाला केव्हाच कळलं होतं. जिन्याची भिंत कोण भरणार ते तेवढं सांगा. हे रविवारी सिमेंट कालवणार आहेत. वाळू घरात आहेच.

पाणी: ११ बादल्या.

१९ एप्रिल

निकाल आला. पाठ बारावा, स्वाध्याय: चित्रफितीतील बाईंच्या हातून झालेल्या कोणत्याही पाच चुका लिहा. गुण दहा, उत्तीर्ण होण्यास पाच.

मी चित्रफीत चार वेळा पाहून दोन लिहिल्या होत्या. एक, बोलायचे नव्हते तेव्हा बाई बोलल्या. दोन, बादली नळाखाली तिरकी ठेवली.

दहापैकी चार. नापास. तपासनिसांचा शेरा: मॅडम, मुख्य चूक राहिली. बाईंच्या हातांकडे पाहू नका, पाण्याकडे पाहा.

पुन्हा लावली. हात चांगलेच दिसतात, तिकडेच नजर जाते. आवाज बंद केला. पडद्याच्या वरच्या भागावर हाताचा पंजा धरला, हात झाकले, नुसते घमेले दिसेल असा.

पहिले पाणी चहासारखे. दुसरे धुरकट. तिसरे ओतले आणि तळ दिसला. वाळूचा एकेक कण मोजता येईल असा. चौथ्या पाण्यासाठी बादली नळाखाली गेली.

स्वाध्याय पुन्हा लिहून पाठवला. तिसरी चूक: पाणी नितळ झाले होते. बाईंनी थांबायला हवे होते.